नाव नसलेला मजकूर : फ्रान्समधील भूमिगत वृत्तपत्रांचे (१९४०–१९४४) एक वाचन

दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये चोरून छापलेल्या आणि चोरून वाटलेल्या वृत्तपत्रांविषयी जे लिहिले जाते, त्याचा सूर बहुधा गौरवाचा असतो. तो असणे स्वाभाविक आहे. या पत्रांसाठी माणसांनी गोळ्या झेलल्या, छळछावण्या सोसल्या. पण गौरवाची एक अडचण असते. ज्याचा फार गौरव होतो ते हळूहळू वाचले जाईनासे होते. ही पत्रे आता संग्रहालयाच्या काचेआड गेली आहेत. त्यांच्या धाडसाविषयी बोलले जाते, त्यांच्यात काय छापले होते याविषयी फारसे बोलले जात नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जपलेले त्यांचे अंक आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. ते वाचताना मला सारखे वाटत राहिले, की या पत्रांकडे प्रथम लेखन म्हणून पाहायला हवे. कोण, कोणाशी, कोणत्या भाषेत बोलत होते? काय सांगत होते आणि काय सांगायचे टाळत होते? मजकुराखाली नाव नसताना त्या शब्दांची जबाबदारी कोणाची होती? या प्रश्नांचा विचार करण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

१. वर्तमानपत्रांची टंचाई नव्हती

१४ जून १९४० रोजी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. २२ जूनला युद्धविरामाचा करार झाला. देशाचा उत्तर भाग आणि पश्चिम किनारा जर्मनांच्या ताब्यात गेला. दक्षिणेत व्हिशी या गावी मार्शल पेतँ यांचे सरकार बसले. पहिल्या महायुद्धातला व्हर्दँचा विजेता म्हणून पेतँ यांच्याविषयी लोकांना भक्तिभाव होता आणि पुढे जे घडले ते समजून घेताना हे विसरून चालत नाही.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. पॅरिसमधल्या लोकांना वाचायला वर्तमानपत्र नव्हते, म्हणून भूमिगत पत्रे निघाली असे नाही. ‘ल मातँ’ हे जुने दैनिक तीन दिवसांत पुन्हा बाजारात आले. ‘पारी-स्वार’ या लोकप्रिय दैनिकाच्या नावाने जर्मनांच्या देखरेखीखाली अंक निघू लागला. चौकाचौकांत वर्तमानपत्रे होती आणि लोक ती विकतही घेत होते. ज्याच्यावर विश्वास ठेवावा असे त्यांत काही नव्हते, एवढेच.

बातमीसाठीही भूमिगत पत्राची गरज होती असे म्हणता येत नाही. लंडनहून बीबीसीची फ्रेंच सेवा रोज बोलत होती. ती ऐकायला बंदी होती, तिच्या लहरींवर खरखर सोडली जात होती, तरी दारे-खिडक्या लावून लोक ती ऐकत. महिन्या-पंधरा दिवसांनी हाती पडणारे दोन-चार पानांचे पत्र बातमीच्या बाबतीत नभोवाणीच्या कितीतरी मागे असणार हे उघड होते. मग लोकांनी हा जिवावरचा उद्योग कशासाठी केला?

माझ्या मते त्याचे उत्तर कागदातच आहे. नभोवाणीचा आवाज समुद्रापलीकडून येत होता. सकाळी टपालपेटीत सापडलेला कागद मात्र आपल्याच गावातल्या कोणीतरी लिहिलेला, आपल्याच गल्लीतल्या कोणीतरी टाकलेला असे. त्यात काय लिहिले आहे हे वाचण्याआधीच तो एक गोष्ट सांगून जाई. तुझ्यासारखा विचार करणारा दुसरा माणूस आहे आणि तो तुझ्या दारापर्यंत येऊन गेला आहे. पराभूत देशात प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे वाटत असते. ते वाटणे मोडायला बातमीपेक्षा असा पुरावा अधिक उपयोगी होता.

२. वाचक हाच छापणारा

आरंभीच्या पत्रांचे स्वरूप पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. १९४० च्या उन्हाळ्यात झां तेक्सिए या समाजवादी पत्रकाराने ‘व्याप्त प्रजेला सूचना’ अशा अर्थाच्या शीर्षकाची एक छोटी पुस्तिका काढली. तीत ३३ सूचना होत्या. जर्मन सैनिक पर्यटक नाहीत, जेते आहेत, हे ध्यानात ठेव. त्यांच्याशी सभ्यपणे वाग, पण त्यांच्या मनात येण्याआधी त्यांचे काम करायला धावू नकोस. अशा थाटाचा तो मजकूर आहे. त्यात शस्त्र उचलण्याचे आवाहन नाही. रोजच्या वागण्यातले अंतर कसे राखावे एवढेच त्यात आहे आणि त्याला एक कोरडा विनोद आहे. शेवटची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे पुस्तक दुकानात मिळणार नाही, तेव्हा हाती आलेल्या प्रतीच्या नकला कर आणि मित्रांनाही करायला सांग, असा तिचा आशय आहे. वाचकाने वाचून थांबायचे नाही, त्याने स्वतः प्रकाशक व्हायचे. भूमिगत पत्रकारितेचे सगळे तंत्र या एका सूचनेत आले आहे.

१ डिसेंबर १९४० रोजी क्रिस्तियाँ पिनो यांनी ‘लिबेरास्याँ’ या पत्राचा पहिला अंक काढला. तो टंकयंत्रावर काढलेला होता आणि त्याच्या प्रती होत्या सात. पुढे हे साप्ताहिक ऑगस्ट १९४४ पर्यंत चालले आणि त्याचे १९० अंक निघाले. जानेवारी १९४१ मध्ये निघालेल्या ‘व्हाल्मी’ या पत्राचा पहिला अंक लहान मुलांच्या खेळातल्या रबरी ठशांनी उमटवला होता. प्रती पन्नासच्या आसपास. एकेक अक्षर चिमट्यात धरून ओळ जुळवायची, ती उमटवायची आणि मोडून पुढची जुळवायची. अशा रीतीने छापलेल्या मजकुरात पाल्हाळाला जागा उरत नाही.

पॅरिसच्या मानववंश संग्रहालयातल्या अभ्यासकांनी १५ डिसेंबर १९४० रोजी ‘रेझिस्तांस’ हे पत्र काढले. बोरीस विल्दे आणि आनातोल लेव्हित्स्की हे दोघे रशियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ, इव्हॉन ओदों ही ग्रंथपाल, आन्येस अंबेर ही कलेची इतिहासकार आणि झां कासू, क्लोद आव्हलीन यांच्यासारखे लेखक या गटात होते. पत्राचे नावही ओदों यांनी सुचवले. अठराव्या शतकात आपल्या प्रॉटेस्टंट श्रद्धेपायी अनेक वर्षे एका बुरुजात कैदेत राहिलेल्या स्त्रीने तिथल्या दगडावर कोरलेल्या शब्दाची त्यामागे आठवण होती. आज ‘रेझिस्टन्स’ हा शब्द जगभर ज्या अर्थाने वापरला जातो, तो अर्थ रूढ होण्यात या छोट्या पत्राचा वाटा आहे. मार्च १९४१ पर्यंत त्याचे पाच अंक निघाले. धरपकड सुरू झाल्यावर झां पोलां या ज्येष्ठ संपादकाने आपल्याकडे ठेवलेल्या सायक्लोस्टाइल यंत्राचे भाग सीन नदीत फेकून दिले. २३ फेब्रुवारी १९४२ रोजी विल्दे, लेव्हित्स्की आणि आणखी पाच जणांना मों-व्हालेरियाँच्या टेकडीवर गोळ्या घालण्यात आल्या. स्त्रियांची फाशी रद्द करून त्यांना जर्मनीतल्या तुरुंगांत आणि छावण्यांत पाठवले गेले.

पाच अंक आणि सात जीव. हा हिशेब मांडला की पुढे काही बोलवत नाही. पण टीकाकाराला बोलावे लागते.

३. खप नव्हे, पसरण

१९४२ नंतर चित्र बदलले. हौशी नकलांची जागा छापखान्यांनी घेतली. आंरी फ्रेने आणि बेर्ती आल्ब्रेश्त यांच्या प्रयत्नांतून डिसेंबर १९४१ मध्ये ‘कोंबा’ निघाले. त्याची छपाई पुढे आंद्रे बोलिए या तरुण इंजिनिअरने उभी केली. सगळा अंक एका ठिकाणी छापून गाडीने देशभर पाठवण्यात धोका होता. म्हणून त्याने वेगवेगळ्या गावांतल्या छापखान्यांना छपाईच्या प्लेटा पोहोचवायच्या आणि तिथेच अंक छापून घ्यायचा अशी रीत बसवली. त्यामुळे एक छापखाना पडला तरी पत्र बंद पडत नसे. बोलिए स्वतः १७ जून १९४४ रोजी लिऑनमधल्या छापखान्यावर पडलेल्या धाडीत गेला. फ्रान्सची सुटका अवघ्या काही आठवड्यांवर आली होती.

‘देफांस द ला फ्रांस’ हे पत्र सोर्बोनच्या विद्यार्थ्यांनी काढले. फिलिप व्हियाने, रोबेर साल्मों आणि एलेन मोर्दकोविच हे त्याचे प्रमुख. एलेन विद्यापीठाच्या भूगोल विभागात काम करत होती, तिच्याजवळ किल्ल्या होत्या. एका उद्योजकाच्या पैशातून घेतलेले छपाईयंत्र विद्यापीठाच्या तळघरात बसवले गेले. जर्मनांच्या पहाऱ्यातल्या राजधानीत, सर्वांत नामांकित विद्यापीठाच्या पोटात, हे पत्र छापले जात होते. १४ जुलै १९४३ रोजी, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिवशी, त्यांच्या कार्यकर्त्यांनी पॅरिसच्या मेट्रोमध्ये उघडपणे अंक वाटले. सहा दिवसांनी, २० जुलैला, धाड पडली. झाक ल्युसेरां हा अंध तरुण आणि द गोल यांची पुतणी झनव्हिएव्ह द गोल पकडली गेली. तो बुखेनवाल्डला गेला, ती राव्हेन्सब्र्यूकला. दोघेही जगून परतले.

जानेवारी १९४४ मध्ये या पत्राच्या एका अंकाच्या ४,५०,००० प्रती निघाल्या असे सांगितले जाते. भूमिगत पत्रांच्या इतिहासात हा मोठा आकडा आहे. पण असे आकडे वाचताना थोडे जपून राहावे. तो छापलेल्या प्रतींचा आकडा आहे, वाचलेल्या प्रतींचा नाही. काही गठ्ठे पकडले गेले, काही भीतीने जाळले गेले. उलट एकेक प्रत दहा हातांतून फिरली. वृत्तपत्राच्या धंद्यात ‘खप’ हा शब्द आपण विक्रीवरून वापरतो. इथे विक्री नव्हतीच. म्हणून मला ‘पसरण’ हा शब्द बरा वाटतो. साथ पसरते, अफवा पसरते, तसे हे कागद पसरत होते आणि त्यांची मोजणी तितकीच अवघड आहे. राष्ट्रीय ग्रंथालयाने युद्धानंतर केलेल्या सूचीत अशा नियतकालिकांची एक हजाराहून अधिक शीर्षके आहेत. त्यांतली कित्येक दोन-चार अंकांच्या पुढे गेली नाहीत.

या कामात स्त्रियांचा वाटा किती होता हे मजकुरावरून कळत नाही, कारण मजकूर कोणाचाच नाही. टंकलेखन, स्टेन्सिल कापणे, गठ्ठे पोहोचवणे, निरोप नेणे ही कामे बहुतांशी त्यांच्याकडे होती. फ्रेने यांची पहिली पत्रके आल्ब्रेश्त यांनी टंकलिखित केली. ३१ मे १९४३ रोजी फ्रेन येथील तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. संपादकाचे नाव इतिहासात राहते आणि टंकलेखिकेचे तळटीपेत जाते, ही वृत्तपत्रांची जुनी सवय इथेही सुटलेली नाही.

४. भाषेचा प्रश्न

आता लेखनाकडे वळू. हे अंक सलग वाचताना एक गोष्ट कबूल करावी लागते. त्यांतले बरेचसे लेखन सामान्य आहे. सन्मान, मातृभूमी, आत्मा, कर्तव्य, शुद्धता हे शब्द एकामागून एक येतात. जागा इतकी थोडी, धोका इतका मोठा, तरी लेखकांनी ती जागा भाववाचक नामांनी भरून टाकली, याचे आधी आश्चर्य वाटते. मग कारण लक्षात येते. व्हिशी सरकारही हेच शब्द वापरत होते. काम, कुटुंब, मातृभूमी हे पेतँ यांच्या राजवटीचे घोषवाक्य होते. एकच शब्दसंपत्ती दोन्ही बाजूंना वाटून घ्यावी लागत होती आणि पत्रांचा अर्धा प्रयत्न तिच्यातले शब्द परत मिळवण्यात जात होता. पण शब्द परत मिळवण्याचा मार्ग तोच शब्द मोठ्याने उच्चारणे हा नव्हे, हे फार थोड्यांना उमगले.

ज्यांना उमगले त्यांत ‘कोंबा’चा मे १९४४ मधला एक लेख मी सर्वांत वर ठेवीन. १ एप्रिल १९४४ च्या रात्री उत्तर फ्रान्समधल्या आस्क या गावाजवळ लोहमार्गावर घातपात झाला. गाडीतल्या एसएस सैनिकांनी गावातल्या पुरुषांना घरांतून ओढून काढले आणि ८६ जणांना गोळ्या घातल्या. ‘कोंबा’तल्या लेखात या घटनेवर विशेषणांचा वर्षाव नाही. लेखक फक्त हिशेब करतो. तीन तास, ८६ माणसे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटांहून किंचित जास्त वेळ. मग तो वाचकाला विचारायला लावतो, की तेवढ्या तीन तासांत तू काय करत होतास. संताप व्यक्त करण्याचे काम तो वाचकावर सोपवतो. राष्ट्र, आत्मा, सन्मान यांतला एकही शब्द न वापरता असे लेख त्या शब्दांना अर्थ मिळवून देतात. हा लेख आल्बेर काम्यूचा मानला जातो. १९४३ च्या शरदात तो ‘कोंबा’च्या संपादनात आला होता. ‘परका’चा लेखक म्हणून मराठी वाचक त्याला ओळखतात. त्या कादंबरीतले भावनेला लगाम घालणारे कोरडे निवेदन आणि या लेखातला हिशेब यांत नाते दिसते, असे मला वाटते.

दुसरे उदाहरण चित्रांचे आहे. ‘देफांस द ला फ्रांस’ने ३० सप्टेंबर १९४३ च्या अंकात उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या सोव्हिएत युद्धकैद्यांची आणि ग्रीक मुलांची छायाचित्रे छापली. भूमिगत छपाईत छायाचित्राचा ठसा काढणे किती जिकिरीचे असेल याची कल्पना करावी. पण त्या पानाने जे केले ते अनेक अग्रलेखांना जमले नव्हते. फ्रेंच वाचकाला ते पान आपल्या दुःखाच्या पलीकडे, इतरांच्या दुःखाकडे पाहायला लावत होते.

५. जे छापले गेले नाही

गौरवाच्या सुरात ज्याचा उल्लेख टाळला जातो ते इथे सांगायला हवे. ‘ल्युमानिते’ या कम्युनिस्ट दैनिकावर नाझी-सोव्हिएत कराराच्या पाठोपाठ, ऑगस्ट १९३९ मध्ये, फ्रेंच सरकारनेच बंदी घातली होती. ते तेव्हापासून गुप्तपणे निघत होते. जून १९४० मध्ये पक्षाच्या काही नेत्यांनी हे पत्र उघडपणे काढण्याची परवानगी जर्मनांकडे मागितली. ती मिळाली नाही. जुलै १९४० च्या अंकांत जर्मन सैनिकांशी बंधुभावाने वागण्याची भाषा आहे. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर मात्र ते पत्र प्रतिकाराच्या आघाडीवर आले आणि त्यासाठी कम्युनिस्टांनी फार मोठी किंमत मोजली. पत्राचे पूर्वीचे परराष्ट्र-विभागप्रमुख गाब्रिएल पेरी यांना १५ डिसेंबर १९४१ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. नंतरचे बलिदान आधीची पाने पुसत नाही आणि आधीची पाने नंतरचे बलिदान खोटे ठरवत नाहीत. दोन्ही एकाच पत्राची पाने आहेत.

‘देफांस द ला फ्रांस’ आरंभी जर्मनांच्या विरोधात होते, पण पेतँ यांच्या विरोधात नव्हते. मार्शल मनातून आपल्याच बाजूचे आहेत ही समजूत १९४२ च्या अखेरीपर्यंत व्हियाने यांच्या लेखनात टिकून होती. जून १९४३ मध्ये झनव्हिएव्ह द गोलने ‘गालिया’ या टोपणनावाने आपल्या काकांविषयी लिहिले, तेव्हा कुठे पत्राचा कल स्पष्ट झाला. हेच पत्र ख्रिस्ती नीतीच्या भूमिकेतून हिंसेविषयी साशंक होते. मार्च १९४४ मध्ये त्याच व्हियाने यांनी ‘मारण्याचे कर्तव्य’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. इतिहासकार ऑलिव्हिए व्हिव्हियोर्का यांनी या चळवळीवर लिहिलेल्या ग्रंथात हा प्रवास तपशिलाने मांडला आहे. मला त्यात ढोंग दिसत नाही. विशी-बाविशीतली मुले छापील पानावर जाहीरपणे विचार बदलत होती आणि प्रत्येक वळणाचा पुरावा मागे ठेवत होती. उघड वृत्तपत्रांचे संपादकही मते बदलतात, पण ते बहुधा काही बदललेच नाही अशा थाटात.

सर्वांत जड मौन ज्यूंविषयीचे आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये व्हिशी सरकारने ज्यूंना नोकऱ्यांतून वगळणारा कायदा केला. त्या वेळच्या भूमिगत पत्रांत त्याचे पडसाद फार क्षीण आहेत. अपवाद आहेत, ते ठळकपणे नोंदवले पाहिजेत. फादर पिएर शाये यांनी लिऑनहून नोव्हेंबर १९४१ मध्ये सुरू केलेल्या ‘तेमोन्याज क्रेतियाँ’च्या पुस्तिकांनी १९४२ च्या वसंतात ज्यूद्वेषावर स्वतंत्र अंक काढला. १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी पॅरिसच्या फ्रेंच पोलिसांनी हजारो ज्यूंना, मुलाबाळांसह, पकडून एका सायकल-शर्यतीच्या बंदिस्त मैदानात कोंडले. त्यानंतर अनेक पत्रांचा आवाज चढला. ‘झाक्यूझ’ या पत्राने १९४२ च्या शरदातच हद्दपार केलेल्या ज्यूंना विषारी वायूने मारले जात असल्याची बातमी दिली. यिद्दिश भाषेतले ‘उन्झर व्होर्ट’ तर आधीपासून बोलत होते, पण ती भाषा शेजाऱ्याला वाचता येत नव्हती. बहुतेक मोठ्या पत्रांच्या दृष्टीने मात्र मुख्य प्रश्न फ्रान्सचा होता आणि ज्यूंचा प्रश्न त्याचा एक भाग. चोरून छापलेले सगळेच निर्भय असते असे नाही. सेन्सॉर नसलेल्या पानावरही आपल्या समाजाला काय ऐकायला आवडेल याचा अंदाज लेखकाच्या हाताला धरूनच असतो.

६. सही नसलेली जबाबदारी

आपल्याकडे ‘केसरी’चे अग्रलेखही सहीविनाच येत. पण त्या पत्राला पत्ता होता, छापखाना होता आणि संपादक-प्रकाशक म्हणून टिळकांचे नाव जाहीर होते. त्यामुळे १९०८ मध्ये त्या लेखांची जबाबदारी त्यांनी भर न्यायालयात घेतली आणि सहा वर्षांची शिक्षा भोगली. नाव नसलेल्या मजकुरामागे एक ओळखीचा माणूस उभा होता. फ्रान्समधल्या पत्रांत तो माणूसही नाही. तिथल्या १८८१ च्या मुद्रणकायद्याप्रमाणे छापलेल्या कागदावर छापणाऱ्याचे नाव असायला हवे. भूमिगत पत्र जन्मतःच बेकायदा होते, मजकूर कितीही सौम्य असला तरी.

निनावी लेखनाविषयी आपल्याला संशय असतो आणि तो रास्त आहे. नाव न लावणारा बहुधा जबाबदारी टाळत असतो. पण इथे उलटे घडले. नाव लावणारे होते ते पॅरिसच्या परवानाधारक दैनिकांतले स्तंभलेखक. त्यांना नाव लावण्याबद्दल पैसे मिळत होते. नाव न लावणाऱ्यांना पकडले गेल्यावर प्रत्येक शब्दाची किंमत शरीराने द्यावी लागत होती. तेव्हा सहीवरून जबाबदारी ठरवता येत नाही. लिहिणारा आपल्या शब्दाबरोबर किती अंतर चालायला तयार आहे, यावरून ती ठरवावी लागते.

याचा एक परिणाम आज अभ्यासकांना भोगावा लागतो. काम्यूचे ‘कोंबा’मधले लेखन एकत्र करणाऱ्या संपादकांना भूमिगत काळातल्या लेखांपैकी नेमके त्याचे कोणते, हे मोजक्याच लेखांबाबत खात्रीने सांगता येते. साहित्याच्या इतिहासाला ही उणीव वाटेल. मला ती त्या पत्रांची खरी रीत वाटते. ते लेख काम्यूचे होण्यासाठी लिहिलेच गेले नव्हते.

७. सुटकेनंतर, आणि इकडे

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मोकळे झाले आणि ही पत्रे उजेडात आली. ‘कोंबा’चा उघड अंक २१ ऑगस्टला निघाला. त्याच वर्षीच्या शेवटी ‘देफांस द ला फ्रांस’चे ‘फ्रांस-स्वार’ झाले आणि पुढे ते मोठ्या खपाचे सायंदैनिक बनले. ज्या वृत्तपत्रांनी शत्रूच्या अमलाखाली छपाई चालू ठेवली त्यांना नव्या सरकारने बंद केले. दक्षिणेत त्यासाठी मुदत ठरली ती जर्मनांनी ११ नोव्हेंबर १९४२ रोजी तो भाग व्यापल्यानंतरच्या पंधरा दिवसांची. ‘ल फिगारो’ मुदतीत बंद झाले होते, म्हणून ते पुन्हा निघाले. प्रतिष्ठित ‘ल तां’ तीन दिवस उशिरा बंद झाले, म्हणून ते संपले. त्याच्या इमारतीत डिसेंबर १९४४ मध्ये ‘ल मोंद’ सुरू झाले.

आपल्या दृष्टीने या तारखेत आणखी एक अर्थ आहे. ११ नोव्हेंबर १९४२ ला जर्मन फौजा दक्षिण फ्रान्समध्ये शिरल्या. दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबरला, मुंबईत ब्रिटिश पोलिसांनी उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र पकडले. लंडनचा जो आवाज पॅरिसला स्वातंत्र्याचा धीर देत होता, त्याच लंडनची सत्ता इथे तोच धीर देणारा आवाज शोधत होती. बेचाळीसमध्ये आपल्याकडेही चोरून छापलेली बुलेटिने हातोहात फिरत होती. लोहिया आणि अरुणा असफ अली ‘इन्किलाब’ काढत होते. फ्रेंच भूमिगत पत्रांत स्वातंत्र्यावर पानेच्या पाने आहेत, पण फ्रान्सच्या साम्राज्यातल्या लोकांच्या स्वातंत्र्याचा विचार त्यांत जवळजवळ नाही. मे १९४५ मध्ये अल्जीरियात सेतिफला रक्तपात झाल्यावर काम्यूने ‘कोंबा’त लेखमाला लिहिली, तेव्हा हा विषय थोडासा पुढे आला. तोवर ते पत्र उघड झाले होते.

ही उणीव दाखवण्यात मला समाधान नाही, कारण तोच प्रश्न आपल्यालाही विचारता येतो. बेचाळीसच्या आपल्या पत्रकांत कोणते शब्द होते, कोणाची दुःखे त्यांत आली आणि कोणाची राहिली, हे आपण कितीसे वाचले आहे? त्यांच्या आठवणी सांगितल्या जातात, सत्कार होतात. काँग्रेस रेडिओवरून काय बोलले गेले हे आज बऱ्याच अंशी कळते, ते पोलिसांनी प्रक्षेपणे ऐकून उतरवून ठेवली म्हणून. उषा ठक्कर यांच्या २०२१ मधल्या पुस्तकात त्या नोंदींचा उपयोग झालेला आहे. म्हणजे आपल्या भूमिगत शब्दांचा एक काळजीपूर्वक वाचक त्यांना पकडायला आलेला अधिकारी होता. फ्रेंच पत्रांचे वाचन आपल्याला शिकवू शकेल तर एवढे, की या मजकुराला हार घालण्याआधी त्याची चिकित्सा करावी. त्यातले फोलपट बाजूला काढावे, मौने मोजावीत आणि आस्कच्या लेखासारखे एखादे पान हाती लागले तर ते आपल्या गद्याच्या इतिहासात लिहून ठेवावे, लेखकाचे नाव कळो वा न कळो.